सफरचंदाच्या पुस्तकातलं गाळलेलं पान

तूदाचा राग आमच्या तागूर्त गावात सगळ्यांना ठाऊक होता. विशीत असताना तिला मागणी घालायला पाहुणे आले, रिवाजाप्रमाणे साखरेच्या ढेपा घेऊन. मुलाच्या आईनं बोलता बोलता विचारलं, "लग्नानंतर हे शाळेचं खूळ सोडशील ना गं?" तूदा उठली, ढेपा उचलल्या, पाहुण्यांच्या खेचरावर परत लादल्या आणि खेचराच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चल बाबा, तू तरी शहाणा दिसतोस." तिच्या वडिलांना कितीतरी दिवस मशिदीत मान वर करता आली नाही. त्यानंतर तिच्या दारात ढेप आली नाही, आणि तिनंही कधी वाट पाहिली नाही.

गावातली बालवाडी ती चालवायची. आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक खोली, समोर अंगण, अंगणातून अयाशी नावाचा उंच डोंगर दिसतो. माझं मिदेल्त शहरात टॅक्सीतळाच्या मागं झेरॉक्सचं दुकान आहे. मुलांची गाणी, चित्रं, अक्षरं, जे काही छापायचं असेल ते घेऊन ती माझ्याकडं यायची, आणि दुकानात पाऊल टाकायच्या आधीच कुणावर तरी चिडलेली असायची. टॅक्सीवाल्यावर, सरपंचावर, माझ्या मशीनवर. मला तिची सवय होती. आम्ही एकाच पाटातलं पाणी पिऊन वाढलो.

एका वर्षी राजधानीतल्या एका संस्थेनं बालवाडीला पुस्तकांचं खोकं पाठवलं. हा सफरचंदांचा मुलूख म्हणून सगळी पुस्तकं सफरचंदांची, ऋतूंची, झाडाझुडपांची. चकचकीत कागद, गोड चित्रं. एका पुस्तकात एक अस्वल होतं. वसंत आला, फुलं आली, पाऊस आला, सफरचंद लाल झालं, अस्वलानं खाल्लं. संपलं पुस्तक. तूदानं ते वाचून दाखवलं तेव्हा ईझा नावाची एक पाच वर्षांची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, अस्वल फवारणी कधी करतं?"

पोरं हसली. तूदा मात्र दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन थेट माझ्या दुकानात.

"बघ हे, ब्राहीम! ज्यांच्या अंगाला बाराही महिने सफरचंदाचा वास येतो त्या पोरांना सफरचंद शिकवायला यांनी अस्वल पाठवलंय. गारा नाहीत, कीड नाही, छाटणी नाही. आपोआप लाल होतं म्हणे!"

"लहान मुलांचं पुस्तक आहे तूदा. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"लहान मुलांचं आहे म्हणूनच!" असं म्हणून तिनं माझ्याकडून जाड कागदाचा गठ्ठा उचलला आणि गेली.

त्या हिवाळ्यात तिनं स्वतःचं पुस्तक काढलं. त्यात तिच्या घरामागचं एकच झाड होतं, वडिलांनी लावलेलं, आणि त्या झाडाचं एक वर्ष. थंडीत बाबा कात्री घेऊन येतात, झाडाला बोडकं करतात, आणि ईझा विचारते, झाडाला दुखलं का? वसंतात फुलं येतात, गारठा पडतो, तेव्हा गावातली माणसं पहाटे ओल्या पेंढ्याचा धूर करून फुलांना ऊब देतात, सगळ्यांचे डोळे लाल. मग एका दुपारी गारा. ते पान तिनं अख्खं काळं-करडं रंगवलं होतं, त्यावर पांढरे ठिपके, आणि खाली एकच ओळ: आज कुणी जेवलं नाही. मग उरलेल्या फळांची विरळणी, खुडलेली बारकी सफरचंदं गाढव मिटक्या मारत खातं. शेवटी तोडणी, मालाच्या गाड्या, आणि डागाळलेली फळं चकत्या करून धाब्यावर वाळत घातलेली.

तिनं झाडाशेजारच्या मुलीला ईझाचंच नाव दिलं. तोंड पुढं काढून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली. खऱ्या ईझाला ते चित्र इतकं आवडलं की ती सगळ्यांना सांगत सुटली, "मी पुस्तकात राहते."

मी त्याच्या प्रती काढल्या, पोरांनी त्या फाटेपर्यंत वाचल्या. खोकं पाठवणाऱ्या त्या संस्थेच्या मादाम सलवा एकदा पाहणीला आल्या, त्यांच्या हाती एक प्रत लागली. बाई हुशार होत्या, मनानंही वाईट नव्हत्या. तिथंच अंगणात बसून त्यांनी पुस्तक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे आम्ही छापू. रंगीत. सगळ्या खोऱ्यातल्या बालवाड्यांना देऊ." तूदा त्या दिवशी कुणावरही चिडली नाही. गावानं तेही लक्षात ठेवलं.

त्यानंतर उन्हाळा आला.

आमच्या गावाच्या खाली एका शहरी मालकाची मोठी बाग आहे. गारांपासून वाचवायला सगळ्या झाडांवर पांढरी जाळी, म्हणून आम्ही तिला नुसतं 'जाळी' म्हणतो. गावातल्या निम्म्या बायका तिथं विरळणीला आणि तोडणीला जातात. फवारणीची औषधं तिथं निळ्या कॅनमधून येतात. जाड, मजबूत, घट्ट झाकणाचे कॅन. ते रिकामे झाले की मुकादम हम्मू शनिवारी बायकांना ओळीत उभं करून वाटायचा, जणू ईदची भेट. "घ्या, धुवून वापरा. असा कॅन बाजारात मिळायचा नाही." आणि बायका घ्यायच्या. राखेनं घासायच्या, उन्हात ठेवायच्या, आणि त्यातून पाणी आणायच्या. गावात एक घर असं नव्हतं जिथं निळा कॅन नव्हता. माझ्या घरातही होता.

ईझाची आई जाळीत कामाला होती. तिनं आणलेला एक नवा कॅन ईझाच्या आजीनं, यामनानं, तीनतीनदा धुतला आणि त्यात ताक भरून पाटाच्या थंड पाण्यात ठेवला. त्या कॅनमध्ये आधी कुठलं औषध होतं कोण जाणे. दुपारी ईझा खेळून आली आणि गटागटा ताक प्यायली. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंगाला घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. तिला गाडीत घालून शहराकडं नेलं. वाटेतल्या खिंडीतच ती गेली.

दफन झालं. घरात बायका रडत होत्या, मुकादम हम्मू मालकाच्या वतीनं साखर आणि पिठाची पोती घेऊन आला. तूदा दाराशी उभी होती. तिनं पोत्याला पाय लावून ते उंबऱ्याबाहेर ढकललं.

"कशाचं पीठ आणलंस रे हम्मू? या वेळी कशात भरून दिलंयस?"

"तूदा, आज नको," हम्मू म्हणाला. "अल्लाची मर्जी."

"अल्लाचं नाव घेऊ नकोस! अल्लानं नाही वाटले कॅन, तू वाटलेस. त्याच्यावर कवटी छापलेली असते ना? का तुला कवटी म्हणजे फूल वाटलं?"

"मी काय जबरदस्ती केली का? बायका मागून नेतात. विचार की त्यांना!"

तूदा वळली, आणि तिच्या रागाला आता बांध उरला नव्हता. समोर यामना आजी बसली होती, डोक्यावरचा फडका सुटलेला. तूदा तिच्यावर ओरडली, "आणि तू! एवढं आयुष्य गेलं तुझं या बागांत, आणि तुला एवढं कळू नये? त्या कॅनात ताक भरलंस?" म्हातारीनं आपले दोन्ही हात बघितले, आधी तळवे, मग पालथे करून. बायकांनी तूदाला दंडाला धरून बाहेर काढलं.

आठवडाभरानं ती दुकानात आली. बसली नाही. पिशवीतून एक नवं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर निळ्या कॅनचं चित्र होतं, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर:

"हा कॅन सुंदर दिसतो. याचं झाकण घट्ट बसतं. पण याच्यात विष होतं. धुतलं तरी विष जात नाही. यात पाणी नको, ताक नको, तेल नको. कुणी दिला तरी घेऊ नका. घरी आहे का बघा. आजीला सांगा."

"विरळणीनंतर आणि तोडणीच्या आधी," ती म्हणाली. "उन्हाळ्याचं पान हेच."

त्या दिवसापासून बालवाडीत पुस्तक वाचलं जाई ते या पानासकट. पोरं त्याला 'ईझाचं पान' म्हणायची. मूळ चित्रं राजधानीला गेली, त्यांत हेही गेलं.

काही दिवसांनी मादाम सलवांचा फोन आला तेव्हा तूदा माझ्याच दुकानात होती. तिनं फोनचा आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला, जणू मला साक्षीदार करायचं होतं.

"तूदा, पुस्तक सुरेख झालंय," मादाम म्हणाल्या. "फक्त एक अडचण. कॅनचं पान आपण घेत नाही."

"का?"

"मुलं घाबरतील. निसर्गाचं पुस्तक आहे, त्यात विष कशाला? शिवाय... छपाईचा खर्च जाळीचे मालक देताहेत. त्यांना ते बरं दिसणार नाही."

"कोण देताहेत?"

"त्यांना मुलांसाठी काहीतरी करायचंय. चांगला माणूस आहे तो. तुम्ही भेटून बघा."

"मादाम, मुलं घाबरतील म्हणता? ज्या मुलीच्या नावानं तुम्ही पुस्तक छापताय तिला मातीत ठेवून आलोय आम्ही. तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरांना तुम्ही कशाची भीती घालणार आणि कशापासून वाचवणार?"

"मला तुमचं दुःख कळतं..."

"दुःख नाही हे! राग आहे. तो कळत असेल तर बोला." तिनं फोन जवळ ओढला. "पान नाही तर पुस्तकही नाही. माझी चित्रं परत पाठवा."

मादाम म्हणाल्या की करार झालाय, कागद छापखान्यात गेलाय, आता हातात काही नाही. तूदानं फोन बंद केला. मग माझ्या काउंटरवर मूठ इतक्या जोरात आपटली की शाईची बाटली उडाली.

शरदात पुस्तकं आली. बालवाडीच्या अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, मुलांसाठी खाऊ, मोठ्यांसाठी पुदिन्याचा चहा. जाळीचा मालक स्वतः आला होता. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष त्याच्या पुढंमागं नाचत होते. खोकी उघडली. मुखपृष्ठावर लालबुंद सफरचंद, आत तूदाचं नाव, तूदाची चित्रं, फार देखणी छपाई. आणि उन्हाळ्याच्या जागी एक नवंच पान, कुणा दुसऱ्याच्या हातानं काढलेलं: पांढऱ्या जाळीखाली ओळीनं झाडं, टोपीवाला हसरा माणूस, आणि मजकूर, "बागेतले काका झाडांची काळजी घेतात."

अध्यक्षांनी तूदाला बोलावलं, पोरांना पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं. मला वाटलं ती येणारच नाही. ती आली, पुस्तक घेतलं आणि वाचायला लागली, अगदी शांतपणे. छाटणी, फुलं, धूर, गारा, विरळणी. मग तिनं पान उलटलं, ते हसरे काका सगळ्यांना दिसतील असे धरले आणि गप्प उभी राहिली.

एक पोरगा ओरडला, "हे आपलं नाही! ईझाचं पान कुठाय?"

मग एकीनं सुरू केलं, "हा कॅन सुंदर दिसतो," आणि दुसरी पोरं तिच्यात मिसळली. काही चुकत होती, काही पुढं पळत होती, एक जण खाऊ खाता खाताच बोलत होता. पण पाणी नको, ताक नको, कुणी दिला तरी घेऊ नका, हे सगळ्यांना ऐकू आलं. मालकालाही. त्याला आमची डोंगरी भाषा नीट येत नव्हती, त्यानं हसऱ्या चेहऱ्यानं हम्मूला विचारलं, पोरं काय म्हणताहेत. हम्मू खाली बघत होता.

तूदानं सांगितलं. शहरी अरबीत, एकेक शब्द तोडून. "ती म्हणताहेत की तुमच्या कॅननं एक मुलगी मारली. आणि तुम्ही तिचं पानही पुस्तकातून काढून टाकलंत. घरातून गेली ती गेली, निदान कागदावर तरी राहू द्यायची होती."

अध्यक्षांनी मुलांना खाली बसा, बसा म्हणत हात हलवले. मालक उठला, गाडीत बसला. मादाम सलवा पुढच्या रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत. तूदा त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "चहा प्या मादाम. थंड होतोय. पाणी आमच्या पाटाचं आहे, कॅनातलं नाही."

त्याच आठवड्यात मंडळानं तिला कामावरून काढलं. कारण दिलं, वर्तणूक. मांडव उतरला तरी पुस्तकांची खोकी बालवाडीच्या कोपऱ्यात तशीच पडून होती, वाटायला कुणाचं धाडस होत नव्हतं. ती पोरांच्या आयांनी उचलली. कुणी पाठीवर, कुणी गाढवावर घालून तूदाच्या घरी पोचवली. अध्यक्षांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

गाळलेल्या पानाच्या प्रती मी काढल्या. मग सगळा हिवाळा तूदाच्या घरात ते काम चाललं. बाहेर बर्फ, आत चूल, मैद्याच्या खळीची वाटी मध्ये. बायका जाळीतलं काम संपल्यानं मोकळ्याच होत्या. हसऱ्या काकांवर निळ्या कॅनचं पान चिकटवायचं, वर लाकडी पाट ठेवून दाबायचं, पुढचं घ्यायचं. कागद वेगळा, जाड, पुस्तक तिथं फुगायचं. चालेल, तूदा म्हणाली, तिथंच उघडेल.

एका दुपारी यामना आजी आली. दफनाच्या दिवसानंतर ती तूदाच्या दारात आली नव्हती. आत येऊन भिंतीशी बसली, बायकांचे हात थांबले. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. काय लिहिलंय ते सांग."

तूदानं वाचलं. शेवटची ओळ आली, आजीला सांगा, ती तिनं म्हातारीकडं न बघता वाचली. मी तेव्हा प्रतींचा गठ्ठा घेऊन दाराशी उभा होतो. तूदाला नजर चुकवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"हे ठीक लिहिलंस," म्हातारी म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं. कवटी दिसली होती. मला वाटलं, त्यानं उंदीर मरत असतील, माणसं नाही."

तूदानं माफी मागितली नाही. तिला ते जमायचंच नाही. तिनं खळीची वाटी म्हातारीच्या पुढ्यात सरकवली आणि तिच्या शेजारी सरकून बसली, खांद्याला खांदा लावून. त्या दिवसापासून वसंतापर्यंत यामना रोज आली.

बर्फ वितळल्यावर तूदानं पुस्तकं पोत्यांत भरली आणि खोऱ्यातल्या आठवडी बाजारांना घेऊन जायला लागली. जमिनीवर चटई टाकायची, पोरं गोळा करायची, वाचायची. सगळीकडं स्वागत झालं असं नाही. एका बाजारात एक बाई तिच्या अंगावर धावून आली. "कॅन टाकू? मग पाणी कशात आणू, तुझ्या पुस्तकात? झरा तासाभराच्या वाटेवर आहे माझा!"

तूदा तिच्याहून मोठ्यानं ओरडली, "मग माझ्यावर कशाला खेकसतेस? ज्यानं तुला विषाचा कॅन भेट म्हणून दिला त्याच्यावर खेकस! नवा माग!"

ती बाई चिडून निघून गेली. पण 'नवा माग' हे शब्द तिच्याबरोबर गेले, आणि बाजारातून दुसऱ्या गावांत पोचले.

तोडणीच्या दिवसांत, फळ अगदी पिकून झाडावर थांबायला तयार नव्हतं तेव्हा, जाळीतल्या बायका सकाळी टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. ईझाची आई पुढं होती. हम्मूनं शिव्या घातल्या, मग विनवण्या केल्या, मग मालकाला फोन केला. बायकांचं म्हणणं एवढंच: पाण्यासाठी नवे कोरे कॅन द्या, आणि औषधाचे कॅन आमच्यासमोर कुऱ्हाडीनं फोडा. दुपारपर्यंत सफरचंदं गळायला लागली. संध्याकाळी मिदेल्तहून पिवळ्या कॅननं भरलेली गाडी आली. निळे कॅन त्यांच्यासमोर फोडले, तिथल्या तिथं. आता आमच्या गावात निळा कॅन दिसत नाही. माझ्या घरचा मी त्याआधीच फोडला होता.

हे ऐकून तूदा खूश झाली असेल असं कुणाला वाटेल, पण नाही. मालकानं त्या पिवळ्या कॅनसोबत फोटो काढून घेतला, बायका मागं, तो पुढं, आणि तो मोठा करून बागेच्या फाटकावर लावला. खाली लिहिलं, "कामगार भगिनींना भेट." तूदा त्या फाटकासमोरून जाते तेव्हा दर वेळी थुंकते. तिथं एक डागच पडलाय.

आता ती वडिलांच्या सफरचंदांच्या कोठीत बालवाडी भरवते. मंडळाच्या खोलीत नवी बाई आहे, पण पोरं कोठीत जातात. आया पोरांबरोबर भाकरी, अंडी, लोणी पाठवतात, त्यावर तिचं चालतं. केस पिकलेत, आवाज तोच.

मागच्या महिन्यात मादाम सलवांचा फोन आला. पुस्तकाची नवी छपाई करायची आहे, या वेळी पैसा दुसरीकडून आहे, आणि कॅनचं पान घ्यायला संस्था तयार आहे. तूदा माझ्याच दुकानात होती. मला वाटलं ती फोन आपटेल. ती म्हणाली, "घ्या. पण त्या पानावर तिचं पूर्ण नाव घालायचं, बापाच्या नावासकट, आणि ती कशानं गेली तेही. तेवढं छापणार असाल तर चित्रं तुमची."

मादाम म्हणाल्या, "वरिष्ठांना विचारून सांगते."

अजून विचारताहेत.